ई-मेल सर्टिफिकेट रिन्यू केलं आणि जुने एन्क्रिप्टेड मेल उघडेनात : काय तपासायचं, काय करायचं

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या सात-आठ लहान कारखान्यांचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी मंडळी आहेत, आणि त्यांतल्या चौघांचे ग्राहक जर्मनीत आहेत. हे ग्राहक ड्रॉइंग साध्या मेलने पाठवत नाहीत. एस/माइमने, म्हणजे सर्टिफिकेट वापरून मेलवर सही करायच्या आणि मजकूर कुलूपबंद करायच्या पद्धतीने, एन्क्रिप्ट करून पाठवतात आणि उत्तरही तसंच मागतात. त्यामुळे या चार ठिकाणी आउटलुकमध्ये नाहीतर थंडरबर्डमध्ये ई-मेल सर्टिफिकेट बसवलेलं आहे, आणि चारही ठिकाणांहून वर्षा-दोन वर्षांनी ठरलेला फोन येतो : "सर्टिफिकेट नवं टाकल्यापासून जुने मेल उघडत नाहीयेत."

गेल्या ऑगस्टमधला फोन क्वालिटीच्या मॅडमचा होता. शनिवार, संध्याकाळचे सहा. सोमवारी आयएटीएफ १६९४९ चं, म्हणजे वाहन उद्योगातल्या गुणवत्तेच्या मानकाचं ऑडिट, आणि ऑडिटरला दाखवायची पीपॅपची (पार्ट उत्पादनात घ्यायला ग्राहक देतो ती) मंजुरी ग्राहकाच्या एका जुन्या मेलमध्ये. मेल इनबॉक्समध्ये होता. विषय दिसत होता, तारीख दिसत होती, शेजारी निळं कुलूप दिसत होतं. उघडायला गेलं की आउटलुक सांगायचं, "युवर डिजिटल आयडी नेम कॅनॉट बी फाउंड बाय द अंडरलाइंग सिक्युरिटी सिस्टिम." मॅडमनी मशीन रीस्टार्ट केलं होतं, आउटलुक रिपेअर केलं होतं, आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून लाल फुलीचं एक्स्पायर झालेलं सर्टिफिकेट काढून टाकलं होतं. पहिल्या दोन गोष्टींनी काही बिघडत नाही. तिसरी कधीही करू नका. ती झालीच असेल तर काय करायचं, ते पुढे सांगतो.

मेल न उघडण्याचं कारण

तुम्हाला मेल एन्क्रिप्ट करून पाठवताना पाठवणाऱ्याचं मशीन त्या एका मेलपुरती नवी गुप्त की तयार करतं, तिने मजकूर बंद करतं, आणि मग ती गुप्त की तुमच्या सर्टिफिकेटातल्या पब्लिक कीने बंद करून मेलसोबत पाठवतं. ते उघडण्याची ताकद एकाच वस्तूत असते : त्या सर्टिफिकेटाच्या जोडीची प्रायव्हेट की. तिला इथून पुढे किल्ली म्हणतो, आणि पब्लिक कीला कुलूप.

आपण ज्याला रिन्यू करणं म्हणतो त्यात बहुतेक वेळा नवी जोडी तयार होते. नाव तेच, मेल पत्ता तोच, कंपनीही तीच, पण कुलूप नवं आणि किल्लीही नवी. सर्व्हरवर पडलेल्या जुन्या मेलना मात्र जुनीच कुलपं असतात, ती आपोआप बदलत नाहीत. घराच्या दाराचं कुलूप बदललं म्हणून माळ्यावरच्या पेट्या नव्या किल्लीने उघडत नाहीत, तसंच हे. 'रिन्यू' या शब्दानेच घोटाळा होतो, कारण विमा किंवा लायसन्स रिन्यू केलं की जुना कागद फेकला तरी चालतो. इथे जुना कागद फेकला की त्या काळातला सगळा पत्रव्यवहार गेला. पाठवलेले मेलसुद्धा जातात, कारण सेंटमधली प्रतही तुमच्याच त्या वेळच्या कुलपात असते.

दुसरा गैरसमज एक्स्पायरीचा. मुदत संपलेल्या सर्टिफिकेटाने नवी सही करता येत नाही, आणि इतरांनी ते वापरून तुम्हाला नवा मेल पाठवायचा नसतो. पण जुना मेल उघडायला मुदतीचा काहीही संबंध नाही. दहा वर्षांपूर्वी संपलेली किल्लीसुद्धा मशीनवर असेल तर आउटलुक आणि थंडरबर्ड मुकाट्याने मेल उघडून देतात.

आणि हा प्रश्न कमी होणार नाही. सर्टिफिकेट देणाऱ्या आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांच्या सीए/ब्राउझर फोरमने एस/माइमसाठी नियम केले, ते १ सप्टेंबर २०२३ पासून लागू आहेत. त्यांच्या कडक प्रकारांत सर्टिफिकेटाची मुदत ८२५ दिवसांच्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे सव्वादोन वर्षांत कुलूप बदलणारच. उलट आयएटीएफ सांगतं की पार्ट मंजुरीची कागदपत्रं तो पार्ट उत्पादनात आणि सर्व्हिसमध्ये असेपर्यंत, आणि त्यावर एक कॅलेंडर वर्ष, सांभाळा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे हिशेबाची पुस्तकं आणि व्हाउचर आठ आर्थिक वर्षं ठेवायची आहेत, आणि दर ठरल्याचा पुरावा पुष्कळदा मेलमध्येच असतो. दहा-बारा वर्षं चालणाऱ्या पार्टसाठी पाच-सहा किल्ल्या जपाव्या लागणार, हे आधीच धरून चाला.

आधी बघा, किल्ली मशीनवर आहे का

आउटलुक विंडोजच्या सर्टिफिकेट साठ्यातून किल्ली घेतं. थंडरबर्डचा साठा स्वतःचा, वेगळा. विंडोजमध्ये डबल क्लिक करून सर्टिफिकेट टाकलं आणि थंडरबर्डमध्ये ते शोधत बसले, असं मी अनेकदा पाहिलंय. थंडरबर्डमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मॅनेज सर्टिफिकेट्स, आणि तिथल्या 'युवर सर्टिफिकेट्स' टॅबमध्ये इम्पोर्ट करावं लागतं.

विंडोजमध्ये रनच्या चौकटीत 'सर्टएमजीआर डॉट एमएससी' टाकून पर्सनल, मग सर्टिफिकेट्स उघडा. एकाच नावाच्या दोन-तीन ओळी दिसल्या तर घाबरू नका, तसंच असायला हवं. प्रत्येकीवर डबल क्लिक करा. तारखांच्या खाली छोट्या किल्लीचं चित्र आणि 'यू हॅव अ प्रायव्हेट की दॅट करस्पाँड्स टू धिस सर्टिफिकेट' हे वाक्य दिसलं पाहिजे. ते वाक्य नसेल तर तुमच्याकडे फक्त कुलपाचा फोटो आहे.

बॅकअपच्या फाइलचंही तसंच. 'आम्ही सर्टिफिकेट सेव्ह करून ठेवलंय' असं म्हणून लोक पेनड्राइव्ह देतात आणि त्यात दोन केबीची सीईआर फाइल निघते. तिच्यात किल्ली नसते. किल्लीची फाइल पीएफएक्स किंवा पी१२ असते आणि इम्पोर्ट करताना पासवर्डचा रकाना येतो. रकानाच आला नाही, तर ती फाइल या कामाची नाही.

आता या मेलला नेमकी कुठली किल्ली लागते? तारखेवरून अंदाज बांधता येतो, पण तो फसू शकतो, कारण समोरचा माणूस तुमचं जुनं सर्टिफिकेट महिनोन्महिने वापरत राहतो. खात्रीचा आधार म्हणजे सिरिअल नंबर. वेबमेलमधून तोच मेल उघडला तर 'एसमाइम डॉट पी७एम' नावाची अटॅचमेंट दिसते. ती उतरवून घ्या आणि ओपनएसएसएल या मोफत प्रोग्रामच्या 'सीएमएस' कमांडने तिची रचना छापून बघा. मजकूर बंदच राहतो, पण कुणाच्या कुठल्या सर्टिफिकेटासाठी तो बंद केलाय, ते देणाऱ्या संस्थेच्या नावासकट आणि सिरिअल नंबरासकट उघड लिहिलेलं असतं. तो नंबर सर्टिफिकेटाच्या डिटेल्स टॅबमधल्या नंबराशी जुळवा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि त्याने दोन दिवसांची चाचपड वाचते.

मॅडमच्या मेलला २०२३ चं सर्टिफिकेट लागत होतं. मशीनवर फक्त २०२५ चं होतं.

सर्टिफिकेट डिलीट केलं असेल तर

हा भाग सावकाश वाचा. सर्टिफिकेट मॅनेजरमधून सर्टिफिकेट डिलीट केलं की विंडोज यादीतली ओळ काढून टाकतं. किल्ली ज्या फाइलमध्ये असते ती फाइल बहुधा युझरच्या प्रोफाइलमध्ये तशीच राहते. ओळ परत आणून तिची गाठ किल्लीशी पुन्हा बांधायची, एवढंच करायचं असतं.

ओळ परत आणायला सर्टिफिकेटाची सार्वजनिक प्रत पुरते, आणि ती तुमच्या सही केलेल्या प्रत्येक मेलसोबत गेलेली असते. सेंट आयटम्समध्ये त्या काळातला एखादा मेल शोधा जो फक्त सही केलेला आहे, एन्क्रिप्ट केलेला नाही. एन्क्रिप्टेड असेल तर तो उघडणारच नाही आणि सर्टिफिकेट हाती लागणार नाही. मॅडमकडे २०२४ च्या दिवाळी सुट्ट्यांची सूचना देणारा असा एक मेल सापडला. लाल फितीच्या चिन्हावर क्लिक, डिटेल्स, सही करणाऱ्याची ओळ निवडून व्ह्यू डिटेल्स, व्ह्यू सर्टिफिकेट, डिटेल्स टॅब, 'कॉपी टू फाइल'. सीईआर फाइल डेस्कटॉपवर आली. सेंटमध्ये असा मेल नसेल तर ग्राहकाकडे मागा, त्यांच्याकडे तुमचं जुनं सर्टिफिकेट असतंच.

ती फाइल पर्सनलमध्ये इम्पोर्ट केली. ओळ आली, किल्लीचं चित्र अर्थातच नव्हतं. मग त्याच युझरच्या लॉगिनमधून साधा कमांड प्रॉम्प्ट उघडून विंडोजचीच सर्टयुटिल कमांड चालवली : आधी डॅश यूझर, मग डॅश रिपेअरस्टोअर, मग माय, आणि शेवटी मोकळ्या जागा काढून टाकलेला सिरिअल नंबर. 'डॅश यूझर' विसरलात तर कमांड कॉम्प्युटरच्या साठ्यात शोधते आणि काही सापडत नाही. कमांड यशस्वी झाल्याचं वाक्य आलं, सर्टिफिकेट पुन्हा उघडलं, आणि तारखांच्या खाली किल्ली दिसली. मॅडम माझ्या मागेच उभ्या होत्या. आउटलुक बंद करून उघडलं, त्यांनी स्वतः मेलवर क्लिक केलं, आणि मंजुरीची पीडीएफ समोर आली.

ही कमांड चालवल्यावर स्मार्ट कार्ड घाला अशी खिडकी आली तर ओळखा की किल्ली या मशीनवर, या प्रोफाइलमध्ये नाही. दुसऱ्या लॅपटॉपवरची किल्ली या वाटेने येत नाही. आणि मशीन फॉरमॅट झालं असेल तर हा उपाय संपला.

किल्ली दिसते, तरीही मेल उघडत नाही

चित्र आहे, वाक्य आहे, सिरिअल नंबर जुळतो, आणि तरी आउटलुक अडून बसतं. अशा वेळी माझा पहिला प्रश्न असतो : विंडोजचा पासवर्ड अलीकडे कुणी रिसेट केलाय का?

विंडोज किल्ली साठवताना ती युझरच्या लॉगिन पासवर्डाच्या आधाराने कुलूपबंद करतं. युझरने स्वतः जुना पासवर्ड टाकून नवा केला तर सगळं नीट पुढे जातं. पण लोकल अकाउंटचा पासवर्ड विसरला म्हणून ॲडमिनने बाहेरून नवा लावला, तर जुन्या पासवर्डाचा धागा तुटतो आणि किल्ली असून नसल्यासारखी होते. डोमेनवरच्या, म्हणजे कंपनीच्या मध्यवर्ती सर्व्हरवरून लॉगिन होणाऱ्या मशीनना याची झळ सहसा लागत नाही, कारण त्या सर्व्हरकडे (डोमेन कंट्रोलरकडे) राखीव व्यवस्था असते. लहान कारखान्यांत डोमेन नसतो, आणि पासवर्ड रिसेट करणारे आपणच असतो. मीही एका ठिकाणी हे केलेलं आहे आणि त्या माणसाचे दीड वर्षाचे मेल माझ्यामुळे अडकले होते. त्याला जुना पासवर्ड दुसऱ्या दिवशी आठवला, तोच परत लावला आणि किल्ली चालू झाली. म्हणून सर्टिफिकेट असलेल्या मशीनचा पासवर्ड रिसेट करण्याआधी पीएफएक्स हाताशी आहे का, हे विचारा.

नवा लॅपटॉप

सर्वांत जास्त किल्ल्या इथेच हरवतात. आयमॅपवर मेल असल्याने नव्या लॅपटॉपवर सगळे मेल आपोआप दिसू लागतात आणि सगळं आलं असं वाटतं. मेल सर्व्हरवर होते, किल्ली जुन्या डिस्कवर होती. जुनी डिस्क फॉरमॅट करून लॅपटॉप डिस्पॅचला दिला की संपलं.

जुन्या मशीनवरून प्रत्येक सर्टिफिकेट, मुदत संपलेली धरून, प्रायव्हेट कीसकट पीएफएक्समध्ये एक्स्पोर्ट करा. 'येस, एक्स्पोर्ट द प्रायव्हेट की' हा पर्याय राखाडी दिसला तर इम्पोर्ट करताना कुणीतरी 'मार्क धिस की ॲज एक्स्पोर्टेबल' ही खूण केली नव्हती. विंडोज ती खूण आपणहून करत नाही. तेव्हा ज्या पीएफएक्सवरून पहिल्यांदा इम्पोर्ट केलं होतं ती फाइल शोधायची, आणि ती सापडेपर्यंत जुना लॅपटॉप कुणालाही द्यायचा नाही.

नव्या मशीनवर आधी जुनी सर्टिफिकेटं टाका, चालू असलेलं शेवटी. मग आउटलुकच्या ट्रस्ट सेंटरमध्ये ई-मेल सिक्युरिटीच्या सेटिंगमध्ये जाऊन सही आणि एन्क्रिप्शन या दोन्हींसाठी चालू सर्टिफिकेट निवडलंय ना, हे डोळ्यांनी बघा.

ग्राहक अजून जुन्याच कुलपात पाठवतोय

नवं सर्टिफिकेट आलं की ज्या ज्या ग्राहकाशी एन्क्रिप्टेड व्यवहार आहे त्याला फक्त सही केलेला एक मेल पाठवा आणि जुनं काढून हे लावा असं स्पष्ट लिहा. आपल्या बाजूलाही तेच : एन्क्रिप्ट करताना 'मिसिंग ऑर इनव्हॅलिड सर्टिफिकेट्स' असं आलं तर चूक बहुधा आपल्याकडच्या त्यांच्या जुन्या सर्टिफिकेटाची असते. त्यांचा सही केलेला ताजा मेल उघडा, नावावर राइट क्लिक करून आउटलुक कॉन्टॅक्ट्समध्ये अपडेट करा आणि कॉन्टॅक्टच्या सर्टिफिकेट्स पानावरून संपलेलं काढा. इथे काढायला हरकत नाही, कारण ते दुसऱ्याचं आहे आणि त्यात किल्ली नसतेच.

यूएसबी टोकन आणि डीएससी

ई-निविदा भरणाऱ्यांकडे डीएससी (डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट) म्हणून सही आणि एन्क्रिप्शन अशी दोन सर्टिफिकेटं असलेलं टोकन असतं. ते वापरून कुणी मेल किंवा फाइल एन्क्रिप्ट करत असाल तर लक्षात ठेवा, टोकनमधली किल्ली बाहेर काढता येत नाही, ते बनवलंच त्यासाठी. रिन्यू करून देणारा जुनं टोकन फॉरमॅट करून त्यातच नवं सर्टिफिकेट टाकून देतो आणि जुनी एन्क्रिप्शनची किल्ली कायमची जाते. नवं टोकन मागा, चार पैसे जास्त द्या आणि जुन्यावर तारखा लिहून ते कपाटात ठेवा. सहीच्या सर्टिफिकेटाला हा प्रश्न नाही. जुनी सही तपासायला किल्ली लागत नाही.

ओपनपीजीपी वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात

ओपनपीजीपी ही मेल एन्क्रिप्ट करायची दुसरी पद्धत, तिच्यात कीची जोडी आपली आपण बनवतो. त्यासाठी जीपीजीफॉरविन किंवा थंडरबर्डचं अंगचं ओपनपीजीपी वापरत असाल तर मुदत संपली म्हणून नवी की बनवू नका. त्याच कीची मुदत वाढवता येते. जीपीजीफॉरविनसोबत येणाऱ्या क्लिओपात्रा या प्रोग्राममध्ये कीच्या तपशिलात आणि थंडरबर्डमध्ये ओपनपीजीपी की मॅनेजरमधल्या प्रॉपर्टीजमध्ये तो पर्याय आहे. वाढवल्यावर पब्लिक की समोरच्याला पुन्हा पाठवा, नाहीतर त्याच्याकडे ती संपलेलीच दिसेल. २०२० मध्ये आलेल्या थंडरबर्ड ७८ पासून एनिगमेल हे ओपनपीजीपीचं जोड-सॉफ्टवेअर गेलं आणि थंडरबर्ड स्वतःच्या साठ्यात की ठेवू लागलं. म्हणून क्लिओपात्रात दिसणारी की थंडरबर्डमध्ये आपोआप दिसत नाही, निर्यात करून आत घ्यावी लागते.

काहीच सापडलं नाही तर

आणखी दोन जुन्या मेलना लागणारं मॅडमचं २०२१ चं सर्टिफिकेट मात्र मिळालं नाही. ते आधीच्या लॅपटॉपवर होतं, तो २०२३ मध्ये फॉरमॅट झाला होता, आणि पीएफएक्स कुणाकडेच नव्हती. किल्ली नसताना तो मेल उघडून देतो म्हणणाऱ्या कुठल्याही प्रोग्रामला पैसे देऊ नका. तसं होत नाही, आणि होत असतं तर एन्क्रिप्शनला अर्थ उरला नसता.

एक दार मात्र उघडं असतं. पाठवणाऱ्याच्या सेंटमधली प्रत त्याच्या स्वतःच्या किल्लीने उघडते. म्हणून मेलची तारीख, वेळ आणि विषय अचूक लिहून, नव्या सर्टिफिकेटाने सही करून, तो मेल पुन्हा पाठवण्याची विनंती करा. सांगताना आडवळण नको : आमची जुनी प्रायव्हेट की हरवली आहे, नवं सर्टिफिकेट सोबत आहे, कृपया हे दोन मेल पुन्हा पाठवा. आम्ही शनिवारी रात्री तसं लिहून ठेवलं. उन्हाळी वेळेमुळे जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, त्यामुळे सोमवारी त्यांचं ऑफिस उघडेपर्यंत इथे साडेअकरा वाजून गेले होते आणि ऑडिटर शॉपफ्लोअरवर फिरत होते. दोन्ही मेल सव्वाबाराला आले. मॅडमनी त्यातल्या पीडीएफ क्वालिटीच्या राखीव फोल्डरमध्ये सेव्ह केल्या, २०२३ आणि २०२५ ची सर्टिफिकेटं माझ्यासमोर पीएफएक्समध्ये काढली, दुसऱ्या मशीनवर उघडून बघितली, आणि पेनड्राइव्ह व पासवर्डाचं पाकीट वेगवेगळ्या कपाटांत ठेवून मगच ऑडिटरना फाइल दाखवायला गेल्या.